सिडनीतल्या 1910 च्या सुमाराच्या घरात नक्षीदार पत्र्याचं छत आहे. एकाच कोपऱ्यात गंज आलाय, सांध्यांवर रंगाचे पोपडे पडतायत. काढून जिप्समचं छत करावं का?

काढू नका. घर 1910 च्या सुमाराचं, गंज एकाच कोपऱ्यात आणि पोपडे सांध्यांवर, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दोष बहुधा पत्र्याचा नाही, त्याच्या वरच्या छपराचा आहे. या पत्र्यांची समोरची बाजू रंगाने झाकलेली असते, मागची जवळजवळ उघडीच. त्यामुळे कौलातून किंवा पन्हळीतून गळलेलं पाणी मागून पत्रा खातं आणि खाली दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. गळती बंद न करता खालून कितीही रंग मारा, एका पावसाळी हंगामात डाग परत येणार.

सिडनीत अशी छतं इतकी का, याला कारण आहे. असे पत्रे बनवणारा वुंडरलिच बंधूंचा कारखाना, सिडनीच्याच रेडफर्न भागातला. 1880 च्या दशकात सिडनी टाऊन हॉलचं मोठं सभागृह बांधताना, तिथल्या प्रचंड पाइप ऑर्गनच्या कंपनांनी प्लास्टर डोक्यावर पडेल अशी भीती होती. म्हणून तिथे ठशाने नक्षी उमटवलेलं जस्ताच्या पत्र्याचं छत बसवलं, ते वुंडरलिचचं. पुढे जस्ताऐवजी पोलादी पत्रा आला, स्वस्त झाला आणि साध्या घरांच्या दिवाणखान्यांतही पोचला. तुमच्याकडे काय आहे ते लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद. न चिकटता धातूचा आवाज आला तर बहुधा जस्त. ते मऊ असतं, तारेचा ब्रश लावू नका. आवाज बदबद आला तर ते प्लास्टर आहे आणि पत्र्याच्या दुरुस्तीचं पुढचं काही तुम्हाला लागू नाही.

शिडी लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. छतावरून जाणाऱ्या जुन्या वायरचं आवरण फाटून ती पत्र्याला टेकली असेल, तर सगळं छत विजेखाली येऊ शकतं. याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात.

दुसरा धोका शिशाचा. 1970 च्या आधीच्या घरातल्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला, तपासणी किटने खात्री करा. छतावरच्या पोकळीत साठलेल्या धुळीतही ते असतं, म्हणून पत्रा सैल करताना ती अंगावर येऊ देऊ नका. बारीक धूळ अडवणारा पी-2 मास्क घाला, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, मुलांना आणि गरोदर बाईला घरात ठेवू नका. कोरडं घासणं, ग्राइंडर, रंग जाळणं यांतलं काही नको. सँडब्लास्टिंग तर नकोच, कारण पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो, वाकतो आणि नक्षी बोथट होते.

पूर्ण रंग उतरवायची गरज सहसा नसते. थरांनी नक्षी बुजली असेल तरच रंग काढायचं रसायन वापरा. एरवी पोपड्यांवर पाण्याचा हलका फवारा मारून खरवडणीने सुटेल तेवढंच काढा. गंज नायलॉनच्या किंवा (फक्त पोलादावर) तारेच्या ब्रशने घासा, कोरडं करा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचा सॉल्व्हंटवाला प्रायमर लावा. उघड्या पोलादावर पाण्यातला साधा रंग थेट मारला, की वाळेपर्यंतच तांबूस ठिपके उठतात. प्रायमर नीट वाळल्यावर वरून ऑइल इनॅमलचे दोन पातळ हात द्या. जाड हाताने फुलापानांच्या कडा भरून जातात.

सुईएवढ्या भोकांना मोटारगाड्यांची, दोन भाग मिसळून वापरायची लांबी (पुट्टी) चालते. भिंतीची जिप्समची लांबी नको, ती ओल धरते आणि पत्रा आकुंचन-प्रसरण पावला की तडकते. सांध्यांना रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट बारीक भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे वापरूच नका, त्यातल्या आम्लाने गंज वाढतो आणि वरून रंगही बसत नाही.

पत्रा लोंबत असेल तर बहुतेक वेळा खिळे गंजलेले किंवा मागच्या लाकडी पट्ट्या कुजलेल्या असतात. आधी पट्टी बदला, मग जुन्या भोकाच्या शेजारी गॅल्व्हनाइज्ड खिळा मारा, नक्षीच्या खोलगट भागात नाही तर पट्टीवर बसणाऱ्या सपाट कडेवर. हातोडा पत्र्यावर आपटला तर पडलेला खड्डा समोरून निघत नाही, म्हणून शेवटचे दोन घाव पंचावर (खिळ्याच्या डोक्यावर टेकवायच्या पोलादी दांडीवर) द्या.

तो कोपरा चाळणीसारखा झाला असेल तर तेवढाच पत्रा बदला. हल्ली मिळणारे बरेच नवे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. पोलादाला टेकतात तिथे दोन्ही बाजूंना प्रायमर हवा, नाहीतर ओलीत तिथलं ॲल्युमिनियम झिजू लागेल. नमुना फोटोवरून मागवू नका. एका फुलाच्या मध्यापासून पुढच्या फुलाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून पाठवा, कारण तीन मिलिमीटरचा फरकही चार पत्र्यांनंतर सांध्यात उघडा पडतो. घर काऊन्सिलच्या हेरिटेज यादीत असेल तर आधी त्यांना विचारा.

आणि पंखा लावायचा असेल तर तो वरच्या तुळईलाच, पत्र्याला कधीच नाही.