पणजी नर्स होती? शोध ट्रंकेपासून
जनगणनेपासून सुरुवात करू नका. आपल्याकडे घरोघरच्या नोंदी गोपनीय असतात. छापील अहवालात नुसते आकडे, पणजीचं नाव नाही. आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक दिसला तर सोनंच! मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५चा. त्याआधीची असेल तर रुग्णालयाचाच दाखला शोधा. खरा घोळ नावाचा. दाखला माहेरच्या नावाचा, पेन्शनचे कागद सासरच्या. म्हणून माहेरच्या गावी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. तहसील कार्यालयातलं कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) मोडीत असेल, तर मोडी वाचणारा सोबत न्या. आणि मालवण-वेंगुर्ल्याचे १९८१पूर्वीचे कागद ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हणूनच सापडतील, सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा नव्हता.