नदी वाहतच नाही, तिथं औषध विरणार कुठं?

गोळी पोटात गेली की तिचं काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. माझं काम तिथून पुढे सुरू होतं. ती लघवीतून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाते. त्याविषयी येणारे प्रश्न महिनोन्‌महिने तेच ते असतात, उत्तरं मात्र कुणी पुढे पाठवत नाही. म्हणून या वेळी सगळी एकत्र देतो.

प्रश्न : मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडायचं, असं सरकारनेच सांगितलंय म्हणे. खरं का? (एक वाचक, नांदेड)

नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली, तेवढ्यांपुरतंच ते आहे. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही जालीम वेदनाशामकं त्यात येतात. चुकून लहान लेकराच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो, म्हणून ती अपवाद केली. तुमची तापाची गोळी आणि बीपीची गोळी त्या यादीत नाही. फिरत्या संदेशातून नेमकं ‘17’ गळालं आणि ‘फ्लश करा’ एवढं उरलं.

घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनीच मुदतबाह्य औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. म्हणून ती पाकिटासकट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि घंटागाडीवाल्याला तोंडी सांगून द्या. गावात घंटागाडी येत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. चुलीत जाळू नका. केरळने 2025 मध्ये कोळिकोडपासून अशी औषधं परत गोळा करायला सुरुवात केली. आपल्याकडच्या मेडिकलवाल्यांना विचारलं की ते खांदे उडवतात. तरीही विचारत राहा.

प्रश्न : आमच्याकडे नाथसागराचं (पैठणच्या जायकवाडी धरणाचं) पाणी येतं. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या विक्रेत्याने पाण्यात दोन सळ्या बुडवून दाखवल्या, पाणी तपकिरी झालं. ‘हे औषधांचं प्रदूषण’ म्हणाला. मशीन घ्यावं का? (छत्रपती संभाजीनगर)

त्या सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो, तोच तो तपकिरी गाळ. मशीनच्या पाण्यात क्षार कमी असतात, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा सळ्या बुडवायला सांगा. विक्रेता सामान आवरायला लागेल. टीडीएस मीटरचंही तसंच. तो क्षार मोजतो, औषधाचा अंश त्याला दिसत नाही.

पाण्यातले औषधांचे अंश सहसा लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, असतात. उकळून किंवा तुरटी फिरवून ते जात नाहीत. आरओने बरेचसे जातात, पण निव्वळ त्या भीतीपोटी हजारो रुपये घालू नका. पिण्याच्या पाण्यात आजही पहिली काळजी जंतूंची आहे. पाण्याचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि मग ठरवा.

प्रश्न : मला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन नदीत जातं असं वाचलं. गोळी कमी करू का? (परभणी)

अजिबात नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धी गोळीसुद्धा कमी करायची नाही.

प्रश्न : एवढ्या मोठ्या नदीत थोडंफार औषध गेलं तर विरून जातं ना? उगाच बाऊ कशाला? (लातूर)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून जरा सविस्तर.

विरायला पाणी लागतं. लातूरकरांनी हे विचारावं याचं आश्चर्य वाटतं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरेत विरायला काय होतं? आपल्या नद्या पावसाळ्यापुरत्या वाहतात. उन्हाळ्यात बीडची बिंदुसरा किंवा छत्रपती संभाजीनगरची खाम शहरातून जाताना जे ‘पाणी’ दिसतं, त्यातलं बरंचसं आपणच सोडलेलं सांडपाणी असतं. बारमाही नद्यांच्या देशांत लिहिलेली पुस्तकं वाचून ‘विरून जातं’ म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये खामच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहावं. काठ साफ झालाय, झाडं लागलीत, ते चांगलंच आहे. पण हीच खाम पुढे नाथसागराच्या फुगवट्याला मिळते आणि शहराचं पाणी नाथसागरातूनच येतं.

आता ‘एसटीपी आहे की’ असं कुणी म्हणेल. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू मैला खातात. पॅरासिटामॉलही ते बऱ्यापैकी फस्त करतात. फिट्सवरचं कार्बामाझेपिन मात्र जसं आत येतं तसंच बाहेर पडतं. ही केंद्रं औषधं काढायला बांधलेलीच नाहीत. 2022 मध्ये 104 देशांतल्या 258 नद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफिन निम्म्याहून जास्त ठिकाणी सापडली.

माझी खरी भीती अँटिबायोटिक्सची. नाल्यात जंतू असतातच. त्यांना रोज मरणार नाहीत एवढा थोडा डोस मिळत राहिला, तर त्याला पुरून उरणारे तेवढे टिकतात आणि तो गुण शेजारच्या जंतूंनाही देतात. त्याच नाल्यावर मोटर टाकून कोथिंबीर, पालक पिकतो आणि आठवडी बाजारात येतो. उद्या साधी जखम चिघळली की दवाखान्यात नेहमीचं औषध लागू पडत नाही. मग नातेवाईक म्हणतात, औषधच बनावट होतं.

कारखान्याचं सांडपाणी तर वेगळंच प्रकरण. आपली मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूरवरून कर्नाटकात आणि मग तेलंगणात जाते. तिथं हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या औषध कारखान्यांच्या बाजूने येणारा नक्कावागू हा ओढा तिला मिळतो. पटनचेरूच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. केंद्र सरकारने जानेवारी 2020 मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यातील अँटिबायोटिक्सवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट 2021 च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा गायब झाल्या. मसुदा काढायला तेरा वर्षं आणि गाळायला दीड, असा आपला वेग.

तुमच्या हातात काय आहे? सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. चिठ्ठी असेल तर किती दिवस घ्यायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तरी उरलंच, तर पुढच्या आजारासाठी किंवा शेजाऱ्यासाठी जपून ठेवू नका.

प्रश्न : नाथषष्ठीला पैठणला गोदास्नान करतो. हर्बल शाम्पू वापरला तर चालेल ना? (गेवराई)

पुडीवर पुढे कोरफड असते. मागे भिंगातून वाचा, बहुतेक वेळा सोडियम लॉरेथ सल्फेट हे फेस आणणारं रसायन सापडेल. नदीत नुसती डुबकी मारा, साबण-शाम्पू घरच्या न्हाणीत. आणि पुडी घाटावर टाकू नका.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी मलम लावते. त्याचाही नदीला त्रास होतो का? (एक आजी, अंबाजोगाई)

होतो, आजी, आणि उपाय सोपा आहे. डायक्लोफेनॅकच्या जेलमधलं जेमतेम 6 टक्के औषध कातडीतून आत जातं. बाकीचं वरच राहतं आणि हात धुताना, अंघोळीत वाहून जातं. बोटाच्या पेराएवढंच घ्या. चोळून झालं की हात आधी जुन्या कागदाला पुसा, कागद कचऱ्यात टाका आणि मग हात धुवा. लगेच अंघोळीला जाऊ नका. किती दिवस लावायचं, ते मात्र डॉक्टरांना विचारा. बीपीची किंवा किडनीची तक्रार असेल तर नक्कीच.

प्रश्न : शेततळ्यात मासे सोडलेत. पहाटे वर येऊन तोंड उघडतात. औषध दुकानदार अँटिबायोटिक पावडर टाका म्हणतो. (जालना जिल्हा)

टाकू नका. पहाटे वर येऊन आ वासणारा मासा सहसा आजारी नसतो, त्याला प्राणवायू कमी पडतो. रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. खाद्य कमी करा आणि पंपाने पाणी वरून पाडा, कारंज्यासारखं. तरीही मासे मरत असतील तर एक जिवंत आजारी मासा आणि बाटलीभर पाणी घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जा. दुकानदाराकडे परत जायचं कारण नाही.