शिबिरातून भरून आणलेला विश्वास पंधरा दिवसांत संपतो. ख्रिस्ती म्हणून रोज आत्मविश्वासाने आणि काही हेतू धरून कसं जगायचं?

सलाम भाऊ. शिबिरातून आलं की छाती भरून येते आणि पंधरा दिवसांत पुन्हा रिकामं वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. मी पाळक नाही. यवतमाळ जिल्ह्यात सहा एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर घेतो. जे सांगतो ते तिथलंच.

शिबिरातला माल साठवणीचा नसतो. बायबलमधल्या निर्गमाचा 16वा अध्याय काढा. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडतो, माणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे साधारण दोन लिटर. काहींनी उद्यासाठी ठेवून पाहिला, तर किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा दुप्पट माल टिकायचा. असं 40 वर्षं! कापूसवाल्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. भाव वाढेल या आशेवर घरात कापूस भरून ठेवला की उन्हाळ्यापर्यंत पोराबाळांच्या अंगाला खाज सुटते. (तरी आम्ही दरवर्षी ठेवतोच, ती गोष्ट वेगळी.) प्रभूच्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर मागतो, वर्षाची ज्वारी मागत नाही.

म्हणून मी पहाटे बैलांना कुटार टाकताना एक स्तोत्र म्हणतो आणि देवाला त्या दिवसापुरतं एकच काम विचारतो. उत्तर बहुतेक वेळा फार साधं येतं. बोलणं टाकलेल्या चुलतभावाच्या धुऱ्यावरून आज तोंड न फिरवता जा, एवढंच. कधी काहीच येत नाही, मग मी वखर घेऊन निघतो.

'मला जो सामर्थ्य देतो त्याच्या द्वारे मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे' हे वचन तुमच्याही भिंतीवर असेल. प्रेषित पौलाने ते कैदेतून लिहिलं. त्याच्या आधीची ओळ कोणी भिंतीवर लावत नाही. तिथे तो म्हणतो की भरल्या पोटी राहायला आणि उपाशी राहायला, दोन्ही शिकलो. परीक्षा पास होण्याची हमी त्यात मला तरी दिसत नाही. नापास झाल्यावरही सकाळी उठून तोंड धुता येईल, इतका भरवसा मात्र आहे, आणि तो मला पुरतो. दुबार पेरणीच्या वर्षी हेच कामी आलं. बियाणं एकदा जळालं, ढग उधार दिल्यासारखे येऊन जात होते, आणि मी धुऱ्यावर बसून आभाळ बघत होतो. बायबलच्या उपदेशक या पुस्तकात लिहिलंय की वाऱ्याकडे बघत बसणारा पेरणार नाही. उठलो आणि पुन्हा सरकी टोबली. निम्मीच निघाली.

एक इशारा देतो. आत्मविश्वास आणि फाजीलपणा यांत गल्लत करू नका. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर गेले. त्याच हंगामात वर गुलाबी बोंडअळी. त्या दिवसांत 'देव राखते न बापा' म्हणत उघड्या तोंडानं पंप पाठीवर घेणारे आमच्या मंडळीतही होते, मीही त्यातलाच. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानाने येशूला सांगितलं, तेव्हा त्याने देवाची परीक्षा पाहायला नकार दिला. आता मी तोंडाला बांधतो, हातमोजे घालतो आणि वारा अंगावर येत असेल तर पंप उतरवतो. प्रार्थना त्याच्या आधी करतो.

त्याच वर्षी शेजारचा एक भाऊ दवाखान्यात होता. आमच्या धर्माचा नाही, बांधावरून आमचं पटतही नव्हतं. माझ्या बायकोने आठ दिवस त्याच्या घरच्यांना डबा पाठवला, मी त्याचे बैल सांभाळले. आयुष्याचा हेतू काय, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी डबा दाखवला असता. मोठं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कुणाला येत असेल तर येवो. मला पंचेचाळिशीपर्यंत आलेलं नाही, आणि त्यावाचून दिवस अडला नाही.

तुमच्या गावात चर्च आहे, पण 'मला तिथं काही कामच नाही' असं तुम्ही लिहिलंय. उपासनेआधी सतरंज्या कोण अंथरतं, ते या रविवारी अर्धा तास लवकर जाऊन बघा. आमच्याकडे एक म्हातारी अंथरते आणि तिचे गुडघे दुखतात.