चेंडूवरची नजर काढायला शीक

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तू इथे मिशिगनमध्ये हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलची पंच व्हायला अधिकाऱ्यांच्या असोसिएशनमध्ये नाव घातलंस, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट मागवलास आणि मला तीन प्रश्न पाठवलेस: काय वाचू, काय विकत घेऊ, आणि लोक ओरडले तर काय करू. तिन्हींची उत्तरं देतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा सीझन तिच्यावर उभा आहे. मैदानात उतरलीस की चेंडूकडे बघत राहू नकोस.

तू कोल्हापुरात वाढलीस. शाहू स्टेडियममध्ये बसून फुटबॉल बघितलेल्या माणसाचे डोळे आपोआप चेंडूमागे जातात. इथला फुटबॉल वेगळा आहे. चेंडू हातात धरून पळायचं नाहीतर फेकायचा, आणि एकेक डाव पाच-सहा सेकंदांत संपतो. पण त्या पाच-सहा सेकंदांत बावीसच्या बावीस पोरं एकमेकांना भिडलेली असतात. वर्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या, सामन्याला आम्ही अधिकारी साधारण पाच जण असतो. पांढऱ्या टोपीचा रेफरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या पोराच्या, मागे, अंपायर बचावफळीच्या मागे, हेड लाइन्समन आणि लाइन जज मैदानाच्या दोन बाजूंना, आणि बॅक जज एकदम खोलवर. प्रत्येकाला आपापला तुकडा वाटून दिलेला असतो. पाचही जण चेंडू बघत राहिले, तर फेक करून झाल्यावर क्वार्टरबॅकला मागून कुणी लोळवलं, ते कोण बघणार? चेंडू बघायला स्टँडमध्ये अख्खं गाव बसलेलं असतं.

तुला सुरुवातीला बहुतेक बाजूच्या रेषेवर उभं करतील. तिथलं काम नीट समजून घे. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, आधी तू चढाईच्या रेषेवर, चेंडू ठेवलाय त्या ओळीत, मैदानाच्या कडेला उभी. उजव्या हाताला जाड रबर बँड बांधलेला, त्याची कडी बोटांत अडकवायची: पहिल्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) तर्जनीत, दुसऱ्याला मधल्या बोटात, असं चौथ्या डाउनपर्यंत. घड्याळ, गोंगाट, पाऊस या सगळ्यात कितवा डाउन चाललाय हे डोक्यात राहत नाही, बोटात राहतं. मग तुझ्या वाट्याचे खेळाडू मोज. टोकाचा रिसिव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) रेषेवर आहे की मागे, ते पलीकडच्या जोडीदाराला हाताने दाखव. आणि स्नॅप झाला की नजर सरळ तुझ्या बाजूच्या टॅकलवर, म्हणजे चढाई करणाऱ्या संघाच्या रांगेतल्या टोकाजवळच्या खेळाडूवर. तो पुढे मुसंडी मारून गेला तर धाव आहे. कमरेतून उठून मागे सरकला तर फेक आहे, तेव्हा आता रिसिव्हरकडे वळ. चेंडू न बघता डाव कळतो. पहिले दोन-तीन आठवडे हे अशक्य वाटेल, मग एखाद्या सामन्यात तुझ्या नकळत ते जमून जाईल.

घरी सराव कर. शनिवारी ॲन आर्बरचा, मिशिगन विद्यापीठाचा, सामना टीव्हीवर लाव. लाखभर माणसं त्या स्टेडियममध्ये चेंडूकडे बघत असतील, तू एक अख्खा क्वार्टर फक्त लेफ्ट टॅकल बघ. स्कोअर काय झाला ते नंतर विचार.

या नियमाला अपवाद एकच, शिट्टीचा. शिट्टी वाजली की डाव मेला, मग चेंडू कुणाच्याही हातात असो. पोरांच्या ढिगाऱ्यात चेंडू कुणाकडे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय शिट्टी तोंडाकडे नेऊच नकोस. अवेळी वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही. नवीन अधिकाऱ्यांकडून सर्वांत जास्त नुकसान हिच्यामुळे होतं, न टाकलेल्या फ्लॅगमुळे (नियमभंग दिसला की टाकायच्या फडक्यामुळे) नाही.

आता वाचन. नॅशनल फेडरेशनचं, म्हणजे हायस्कूल खेळांचे नियम करणाऱ्या देशपातळीवरच्या संघटनेचं, रूल बुक आणि प्रसंग देऊन नियम समजावणारं केस बुक तुला मिळेलच. सगळे पहिल्या पानापासून सुरू करतात आणि मैदानाची लांबी-रुंदी वाचून कंटाळतात. तू रूल २ पासून सुरू कर. त्यात नुसत्या व्याख्या आहेत, पण कॅच म्हणजे काय, फम्बल म्हणजे काय, चेंडू लाइव्ह कधी आणि डेड कधी, हे तोंडावर आलं की पुढचे नियम आपोआप बसतात. केस बुकमधला रोज एकच प्रसंग घे आणि मोठ्याने सोडव. मनात वाचलेला नियम रात्री दिव्यांच्या उजेडात, कोच समोर उभा असताना, आठवत नाही. आणि टीव्हीवर ऐकलेला नियम आमच्या मैदानात लावू नकोस, कॉलेजचे आणि व्यावसायिक लीगचे नियम बरेच वेगळे आहेत.

खरेदीत फक्त बुटांवर पैसे घाल. शर्ट, टोपी, फ्लॅग, बीन बॅग (जागेची खूण म्हणून टाकायची छोटी पिशवी) हे सगळं असोसिएशनमधले जुने लोक देतील, आमच्याकडे नवीन माणसाला रिकाम्या हाताने कुणी मैदानात पाठवत नाही. शर्टाबद्दल एक अभिमानाची गोष्ट: हे पट्टे आपल्या मिशिगनचे. इप्सिलँटीचे लॉइड ओल्ड्स १९२० च्या सुमारास पांढरा शर्ट घालून सामना चालवत होते, पाहुण्या संघाचा शर्टही पांढरा, आणि क्वार्टरबॅकने चेंडू चुकून त्यांच्याकडेच दिला. त्यावरून त्यांनी पट्ट्यांचा शर्ट करून घेतला. ग्रीन कार्ड येईपर्यंत तू थांबलीस हे फार योग्य केलंस. मानधन थोडं असलं तरी ते उत्पन्न आहे, आणि एच-वन या नोकरीच्या व्हिसावर ते घेता आलं नसतं.

सीझन तसा ऑगस्टमध्ये सुरू होतो, सोमवारच्या बैठकांपासून. त्या एकही चुकवू नकोस. शाळेच्या एखाद्या वर्गात आम्ही बसतो, आधीच्या शुक्रवारच्या व्हिडिओचे तुकडे लावतो आणि एकेक डाव पुन्हा पुन्हा बघतो. पहिल्यांदा सगळ्यांना चेंडूच दिसतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी म्हणतो, ‘सेंटरच्या डावीकडे बघा.’ तिथे खरा डाव असतो. या खोलीत कारकुनापासून निवृत्त पोलिसापर्यंत सगळे आहेत, आणि शुक्रवारी पाचव्या माणसाची गाडी बंद पडली तर रात्री फोन फिरवून सहावा उभा करणारा असाइनरही इथेच बसतो. त्याला तुझ्या मोकळ्या तारखा वेळेवर कळव आणि घेतलेला सामना सोडू नकोस. चांगल्या सामन्यासाठी आणखी काही करावं लागत नाही.

ऑगस्टच्या सरावसामन्यांत ऊन आणि विजा दोन्ही सांभाळाव्या लागतात. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं थांबायचं. एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं तर पुन्हा तीस. कोच वैतागतील, पालक गाडीत बसून हॉर्न वाजवतील. तू रेफरीच्या बाजूने उभी राहा.

सप्टेंबरभर तुला फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या पोरांचे) आणि जेव्हीचे (दुय्यम संघाचे) सामने मिळतील, चार अधिकारी, कधी तीनच. ते कमी दर्जाचे समजू नकोस. तिथे एका माणसाला दोघांचा तुकडा सांभाळावा लागतो, आणि शिकायला त्याहून चांगली जागा नाही. हेड लाइन्समनच्या बाजूला उभी राहिलीस तर चेनवाल्या मंडळींशी आधी ओळख करून घे. ते यजमान शाळेचे स्वयंसेवक असतात, कुणाचा बाप, कुणाचा जुना शिक्षक. दहा यार्डांची ती साखळी त्यांनी नीट धरली तर तुझं अर्धं काम झालं.

आणि आता ओरडणं. ते होणारच. यजमानांचे पालक एका बाजूने, पाहुण्यांचे दुसऱ्या बाजूने, आणि एका डावावर दोघेही तुझ्याविरुद्ध असतील. कुंपणापलीकडून आलेल्या आवाजाला उत्तर नाही, मान वळवूनही नाही. कोचचं वेगळं. त्याने प्रश्न विचारला तर थोडक्यात, शांतपणे उत्तर दे. त्याने मत मांडलं तर ऐकून घे आणि पुढच्या डावाकडे वळ. ‘तिकडचं होल्डिंग दिसलं नाही का?’ असं, म्हणजे कुणी बेकायदा धरून ठेवल्याबद्दल, विचारलं तर खरं तेच सांग: ‘कोच, त्या वेळी माझी नजर माझ्या टॅकलवर होती, मी अंपायरला सांगते.’ आणि सांग. कोच चिडलेलाच राहील, पण तू थापा मारत नाहीस हे त्याच्या लक्षात राहतं.

या ओरडण्यामुळे माणसं सोडून जातात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. २०१८-१९ नंतरच्या तीन वर्षांत देशभरात, सगळ्या खेळांचे मिळून, सुमारे ५०,००० हायस्कूल अधिकारी कमी झाले असं नॅशनल फेडरेशनने म्हटलं होतं. त्यात कोविडचाही वाटा होता. म्हणूनच आता शुक्रवारचे काही सामने गुरुवारी किंवा शनिवारी होतात, पोरं तयार असतात पण पट्ट्यांचे शर्टवाले पुरत नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि तू आलीस याचा तितकाच आनंद आहे. मुलगी म्हणून कुणी वेगळं बोललं तर मला लगेच फोन कर. सारा थॉमस १९९६ मध्ये मिसिसिपीत शाळांच्या सामन्यांतूनच सुरू झाल्या, २०१५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पहिल्या पूर्णवेळ महिला अधिकारी झाल्या आणि २०२१ च्या सुपर बोलमध्ये, त्या लीगच्या अंतिम सामन्यात, उभ्या राहिल्या. जागा कुठली, तर बाजूच्या रेषेवरची, आत्ता तुला मिळणार आहे तीच.

एक प्रसंग सांगतो. मागे ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात साठ-एक यार्डांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार गेला. बँड सुरू झाला, अख्खा स्टँड उभा राहिला. आमचा अंपायर मात्र जिथे डाव सुरू झाला तिथेच थांबलेला. त्याच्यासमोर एक लाइनमन (रांगेतला खेळाडू) उठला, चार पावलं चालला आणि समोरच्या संघाच्या बेंचकडे निघाला. अंपायरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, रेफरीला खूण केली आणि उपचार करणाऱ्या ट्रेनरला आत बोलावलं. मेंदूला मार बसलाय का, हे ठरवणं आपलं काम नाही. लक्षणं दिसली की मुलाला बाहेर काढायचं, एवढंच आपलं काम, आणि वैद्यकीय व्यक्तीच्या परवानगीशिवाय तो परत आत येत नाही. तो टचडाउन अंपायरने बघितलाच नाही. मी ज्या ज्या क्रूमध्ये राहिलो, त्यांतला तो सर्वांत चांगला अधिकारी.

ऑक्टोबर संपता संपता प्लेऑफ (बाद फेरीचे सामने) सुरू होतात, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या अखेरीस, डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर आठ डिव्हिजनचे अंतिम सामने. तिथे उभं राहायची इच्छा प्रत्येकाला असते, असावीही. पण पहिल्या काही वर्षांत प्लेऑफची तारीख आली नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. त्या आठवड्यांत तिकीट काढून सामना बघायला जा, दुसऱ्याच्या क्रूमधला लाइन जज निवड आणि चारही क्वार्टर फक्त त्याचे पाय बघ. तो कधी थांबतो, कधी सरकतो, चेंडू थांबल्याची जागा दाखवायला आत कसा येतो. मी हे अजूनही करतो.

हिवाळ्यात असोसिएशनची निवडणूक असते. खजिनदाराचं काम कुणालाच नको असतं आणि तू हिशोबात पक्की आहेस, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

रविवारी संध्याकाळी फोन कर. त्याआधी रूल २ मधली कॅचची व्याख्या तोंडपाठ कर, मी तीन प्रसंग विचारणार आहे. आणि सोमवारी अर्धा तास लवकर ये. पार्किंगमध्ये तुला फ्लॅग कमरेच्या पट्ट्यात कसा खोचायचा ते दाखवतो, म्हणजे पळताना पडणार नाही आणि ओढला की एका झटक्यात हातात येईल.

तुझा,
काका