‘काढ’ म्हटलं की कात्री उचलू नको

सोलापुरात शिलाईच्या धंद्यात नवा आलायस, घरी तेलुगू बोलतोस, म्हणून कशाला कुठला शब्द वापरायचा ते सांगतो. गाठ, नाडी, लेस सोडायची. चेन उघडायची. शिवण उसवायची. घोळ घालतं ते ‘काढणं’. ‘बटणं काढ’ म्हणजे काजातून मोकळी कर, की दोरा कापून वेगळी कर? दोन्ही होतं बघ! आमच्याकडं एका पोरानं युनिफॉर्मच्या शर्टाची सगळी बटणं कात्रीनं उडवली. मला नुसती इस्त्री करायची होती. संशय आला तर सरळ विचार, ‘काजातून का दोऱ्यातून?’

आणि सोडणं वेगळं, सुटणं वेगळं. पायजम्याची नाडी आपोआप गेली तर ती सुटली. चारचौघांत ‘नाडी सोडली’ म्हणालास तर लोक भलतंच समजतील बे.