सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री हातात कॅमेरा धरून स्लाइड (फिल्मवरची पारदर्शक रंगीत चित्रं) काढायच्या, तर कोणती वेगवान फिल्म घ्यावी?

400 आयएसओची (हा फिल्मचा वेग; आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो) ताजी स्लाइड फिल्म शोधत बसू नका. फुजीची प्रोव्हिया 400एक्स 2013 मध्येच बंद झाली. जुने रोल विकायला येतात खरे, पण ते कुठे आणि किती उन्हाळे पडून होते कोण सांगणार? सोलापूरच्या उन्हात तर नकोच.

100 आयएसओची प्रोव्हिया 100एफ घ्या आणि 400 वर 'पुश' करा, म्हणजे ती 400 ची समजून कमी उजेडात काढा आणि लॅबमध्ये जास्त वेळ धुवून घ्या. मीटर 400 वर ठेवायचा, अख्खा रोल त्याच वेगाने काढायचा आणि लॅबला 'ई-6, दोन स्टॉप पुश' असं रोलवरच लिहून द्यायचं (ई-6 ही स्लाइड धुण्याची पद्धत; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कॉन्ट्रास्ट वाढतो, सावल्या काळ्या पडतात. रात्रीच्या चित्राला ते शोभतं. कोडॅकची ई100 स्लाइड फिल्म मी एका स्टॉपपुढे नेणार नाही.

50 एमएम एफ/1.8 लेन्स पूर्ण उघडी, शटर 1/60 सेकंद.

खरी काळजी घ्यायची ती नंदीध्वज (यात्रेतले उंच मानाचे ध्वज) धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीची. स्लाइडवर पांढरं एकदा जादा उजेडाने उडालं की त्यात काही उरत नाही. काळोखामुळे मीटर फसतो, म्हणून मोजणी उजेडातल्या चेहऱ्यावर करा. होम मैदानावरच्या पिवळ्या बल्बखाली सगळं केशरी येईल, येऊ द्या. हा केशरीपणा मारायला निळा 80ए फिल्टर लावलात तर पुशने कमावलेले दोन्ही स्टॉप तोच खाईल.