प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : डोंगरउतारावरचा छोटा ट्रॅक्टर

प्रश्न : वाळपईजवळ आमची सुमारे अडीच हेक्टर जमीन आहे. वर डोंगरावर काजू, मधे थोडे मरड (उंचावरचे, पावसावरचे) शेत आणि खाली ओहोळाच्या कडेला कुळागर (पोफळींची बाग). सगळ्यासाठी एकच छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. १८ एचपी पुरेल की २४ लागेल? टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांनी ओढणारा)? विक्रेता तर २८ एचपीच घ्या म्हणतो.
*– एक बागायतदार, सत्तरी*

एचपी नंतर बघू, आधी जमीन मोजा. उतारावर छोटा ट्रॅक्टर ताकद कमी पडून क्वचितच अडतो. तो अडतो चाक घसरल्यामुळे, आणि उलटतो चाकांमधले अंतर कमी असल्यामुळे किंवा मागचे ओझे जास्त झाल्यामुळे.

मोजायला गवंड्याकडची दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि लेव्हल पुरते. पट्टी उताराच्या दिशेने धरा, वरचे टोक जमिनीला टेकवा आणि बुडबुडा मधे येईपर्यंत खालचे टोक उचला. मग त्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. २० सेंटिमीटर आले तर उतार १० टक्के, म्हणजे जेमतेम ६ अंश. ३५ सेंटिमीटर म्हणजे १० अंश, ५४ म्हणजे १५ आणि ७३ म्हणजे २०. सरासरी काढत बसू नका. ट्रॅक्टर ज्या वाटेने जाणार तिच्यावरचा सगळ्यात उभा तुकडा शोधा, कारण निर्णय त्याच्यावरच होतो.

आमचा अंदाज असा : ३५ सेंटिमीटरपर्यंत फोर-व्हील ट्रॅक्टर सावकाश, आडवा-उभा दोन्ही चालतो. ३५ ते ५४ मधे फक्त सरळ वर-खाली, हलके अवजार लावून आणि जमीन कोरडी असताना. त्यापुढे ट्रॅक्टर नेऊच नये, तिथे ब्रश कटर आणि माणूस. पाऊस लागला की प्रत्येक मर्यादा एक पायरी खाली आणा. जांभ्याची ओली माती साबणासारखी होते, आणि मे महिन्यात तीच जमीन सुटी खडी होऊन टायरखाली सरकते. म्हणजे दोन्ही ऋतूंत पकड कमीच असते, कारण तेवढे वेगळे.

टू-व्हीलचा विचार सोडा. आमच्या दृष्टीने फोर-व्हीलचे खरे काम चढण्यात नाही, उतरण्यात आहे. या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. उतरताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात, ब्रेक दाबला की जाम होतात आणि ट्रॅक्टर तसाच घसरत जातो. पुढचा ॲक्सल जोडलेला असेल तर इंजिनाची ओढ चारही चाकांवर येते. म्हणून उतरण लागण्याआधी, वरच थांबून, फोर-व्हील जोडा, दोन्ही ब्रेक पॅडल पट्टीने एकत्र अडकवा आणि ज्या गिअरने तो चढ चढला असता तोच गिअर टाका. उतरताना क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की चाके मोकळी सुटतात, आणि चालू उतारावर गिअर पुन्हा पडतोच असे नाही.

आता आकार. काजू साडेसात ते आठ मीटरवर असतो, तिथे रुंदीची अडचण नाही, अडचण खाली वाकलेल्या फांद्यांची. त्यासाठी मागचा संरक्षक दांडा (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारा) दुमडणारा हवा. दांडा उभा असेल तर सीटबेल्ट लावायचाच. दुमडलेला असेल तेव्हा लावायचा नाही, आणि तो फक्त सपाट जागी, झाडांखालून जाण्यापुरताच दुमडायचा. पोफळी साधारण २.७ मीटरवर असतात. तिथे अरुंद ट्रॅक्टर शिरेल, पण अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर लवकर कलंडतो. कुळागरासाठी म्हणून अगदी अरुंद मॉडेल घेऊन ते डोंगरावर चालवणे आम्हाला पटत नाही. साधारण १.२ मीटर बाहेरची रुंदी असलेला घ्या आणि चाकांच्या रिम उलटवून अंतर वाढवता येते का ते विचारा.

या मापात २१ ते २४ एचपी तुम्हाला योग्य. कुबोटा निओस्टार ए२११एन २१ एचपीचा, बी२४४१ हा २४ एचपीचा, महिंद्रा जिवो २४५ डीआयही २४ एचपीचा, तिन्ही फोर-व्हील. या वर्गातल्या ट्रॅक्टरांचे वजन साधारण ६०० ते ९०० किलो असते. जॉन डीअर ३०२८ईएनसारखा २८ एचपीचा ट्रॅक्टर एक टनाच्या वर जातो. तो ट्रॉलीला आणि मोठ्या रोटाव्हेटरला चांगला, पण तुमच्या उतारावर एवढे वजन नको. स्वराज ७१७ किंवा युवराज २१५ हे १५ एचपीचे टू-व्हील सपाट शेतात चोख काम करतात, डोंगरासाठी ते नव्हेत. आणि जाहिरातीतली एचपी इंजिनाची असते. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, त्यातली साधारण ८० ते ८५ टक्केच मिळते. अवजार निवडताना पीटीओचा आकडा धरा.

टायर खोल, तिरप्या दातांचेच हवेत. मागच्या टायरांत पाणी भरून घ्या : व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असे चाक फिरवायचे आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरायचे. त्याने साधारण तीन चतुर्थांश टायर भरतो, वजन खाली येते आणि पकड वाढते. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, साधे पाणी चालते.

एक गोष्ट मात्र कोणताही ट्रॅक्टर सोडवू शकत नाही. सुरक्षेसाठी ट्रॅक्टर उभा, म्हणजे वर-खाली चालवावा लागतो; माती राखायची तर नांगरट आडवी, समपातळीत हवी. १० अंशांच्या वर ही दोन्ही गणिते जुळत नाहीत. तिथे नांगरटच करू नका. उभी तास काढलीत तर चवथ येईपर्यंत वरची माती ओहोळात गेलेली असेल. काजूच्या उतारावर स्लॅशरने तण कापून तिथेच पडू द्या, झाडाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकार बांध हाताने घाला. ट्रॅक्टरची नांगरट मरडापुरती ठेवा.

विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक त्याच्या अंगणात घेऊ नका. तुमच्याच जमिनीवर, तुम्ही मोजलेल्या त्या उभ्या तुकड्यावर, अवजारासकट मागा. नकार देणाऱ्याकडून घेऊ नका. अनुदान हवे असेल तर बिल करण्याआधी कृषी कार्ड घेऊन तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात जा. कोणती मॉडेल यादीत आहेत ते तिथेच कळेल.

प्रश्न : पोफळींवर कोळेरोगाची (पावसात सुपारी कुजून गळण्याच्या रोगाची) फवारणी करायला २२ एचपीच्या ट्रॅक्टरमागे ३०० लिटरची टाकी आणि एचटीपी (जास्त दाबाचा फवारणीचा) पंप बसवला. टाकी भरून चढावर गेलो की पुढची चाके उचलतात, स्टिअरिंग लागत नाही. दोष कशात?
*– एक वाचक, काणकोण*

दोष ट्रॅक्टरात नाही, मांडणीत आहे. हिशेब करून बघा. समजा ट्रॅक्टर ७०० किलोचा, दोन ॲक्सलमधले अंतर दीड मीटर आणि पुढच्या चाकांवर २८० किलो. भरलेली टाकी, सांगाडा आणि पंप मिळून ३८० किलो, आणि त्या ओझ्याचा मध्य मागच्या ॲक्सलच्या पाऊण मीटर मागे. तेवढ्याने पुढचे ओझे १९० किलोने कमी होते. उरतात ९० किलो, एकूण १०८० च्या जेमतेम ८ टक्के. स्टिअरिंग लागायला किमान २० टक्के हवेत. १० अंशांच्या चढावर आणखी साधारण ७५ किलो मागे सरकतात. मग पुढची चाके जमिनीला नुसती टेकलेली राहतात. एखादा दगड लागला की उचलणारच. अर्धवट टाकीतले पाणी हिंदकळते तेही धोक्याचे, म्हणून टाकीत आडवे, भोकांचे पडदे हवेत.

पुढे ६० किलोची वजने लावा आणि १५० लिटरच भरा. त्याने सपाटीवर पुढचा वाटा साधारण २५ टक्क्यांवर येतो, चढावर १८ च्या आसपास. एवढ्याने स्टिअरिंग परत येईल, पण उभ्या तुकड्यावर नेण्याइतकी मोकळीक त्यात नाही. ओझे मागे असताना उभा चढ रिव्हर्सने चढणे आणि तोंड खाली करून उतरणे हाच सुरक्षित मार्ग.

याहून चांगला उपाय म्हणजे ट्रॅक्टर वर नेऊच नका. तो खाली सपाटीवर, चाकांना दगड लावून उभा करा आणि १०० मीटरची दाबाची नळी वर न्या. दर १० मीटर उंचीला दाब साधारण १ किलोने घटतो. एचटीपी पंप २० ते ३० किलो दाबाने चालतो, त्यामुळे २० मीटर वर चढलात तरी २ किलोच जातात. उरलेली घट नळीतल्या घर्षणाची, म्हणून नळी अगदी बारीक घेऊ नका.

बोर्डो मिश्रण १ टक्का, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, दोन्ही वेगवेगळे कालवून मग एकत्र करायचे, प्लॅस्टिकच्या पिंपात. त्यात घासलेला लोखंडी सुरा बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी. काम संपले की पंप आणि नळी स्वच्छ पाण्याने चालवून धुवा. मोरचूद धातू खातो आणि चुन्याचा साका व्हॉल्व्हमधे बसतो. पुढच्या वेळी दाब न येण्याचे कारण बहुतेक वेळा तेच असते.

प्रश्न : चार फुटी रोटाव्हेटरची पाती आमच्या जमिनीत सारखी तुटतात. जाड पाती मिळतात का?
*– एक शेतकरी, केपे*

मिळतात, पण मग पात्याऐवजी गिअरबॉक्स तुटेल. जांभ्याच्या खडकाळ जमिनीत रोटाव्हेटर हे चुकीचे अवजार आहे. तिथे स्प्रिंगचा पाच दात्यांचा कल्टिव्हेटर लावा. चिरा लागला की दाता मागे जातो आणि पुन्हा जागेवर येतो. रोटाव्हेटर दगड नसलेल्या मरडात, वळिवाने जमीन भिजून वापसा आल्यावर चालवा. पीटीओ शाफ्टला शिअर बोल्ट असेल तर कंपनीने सांगितलेल्या प्रतीचाच घाला. तो तुटायलाच असतो. जागी कडक बोल्ट घातला की धक्का थेट आत जातो. शाफ्टच्या दोन नळ्या अवजार वर-खाली होताना पूर्ण ताणल्या गेल्या तरी किमान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. आणि उतरणीला रोटाव्हेटर चालवू नका, त्याची पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलतात.

प्रश्न : वरच्या काजूपर्यंत ट्रॅक्टरसाठी वाट कापायची आहे. रुंदी आणि चढ किती ठेवू?
*– एक वाचक भगिनी, धारबांदोडा*

जेसीबी बोलावण्याआधी परवानगी बघा. गोव्यात डोंगर कापायला नगर नियोजन कायदा, १९७४ च्या कलम १७-अ खाली लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि वाटेत झाडे येत असतील तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वेगळी. परवानगी मिळाली की चढ १० मीटरला १ मीटर धरा, अगदीच नाइलाज असेल तर ८ मीटरला १. रुंदी अडीच मीटर, वळणावर साडेतीन ते चार. वाटेवर पाणी लांबवर धावू देऊ नका. दर १५–२० मीटरवर तिरका आडवा चर काढा आणि त्याच्या तोंडाशी दगड रचा. चर नसलेली वाट एका पावसाळ्यात ओहोळ होते.

प्रश्न : अर्ध्या एकराचे नुसते कुळागर आहे, पाट आणि चर सगळीकडे. छोटा ट्रॅक्टर घेऊ का?
*– एक वाचक, फोंडा*

नको. पोफळीची बहुतेक मुळे वरच्या थरात, बुंध्याभोवतीच असतात, ती तुटतील. शिवाय पाट ओलांडताना एक चाक खाली जाऊन ट्रॅक्टर आडवा होईल. ब्रश कटर आणि एक चाकाची पॉवर गाडी घ्या.

प्रश्न : चढावर गेलो की इंजिन धापा टाकून बंद पडते, सपाटीवर आणले तरी लगेच सुरू होत नाही. डिझेल पाव टाकी असते.
*– एक शेतकरी, पेडणे*

चढावर डिझेल टाकीच्या एका बाजूला जाते, नळीचे तोंड उघडे पडते आणि हवा ओढली जाते. डोंगरावर जाताना टाकी अर्ध्याच्या खाली असू नये. इंजिन ऑइलही वरच्या खुणेपर्यंत ठेवा, त्यालाही उताराचा हाच नियम.

हवा काढायला ट्रॅक्टर सपाट जागी आणा, टाकी भरा, डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करा आणि हातपंप मारा. फेस जाऊन अखंड धार आली की पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूशी हेच पुन्हा करा. यानंतरही हवा येत राहिली तर टाकी ते फिल्टर ही रबरी नळी आणि तिच्या पट्ट्या तपासा. फिल्टरच्या वाटीत पाणी दिसले तर ते सोडून द्या. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने ट्रॅक्टर उभा राहिला की आत दमट हवेचे पाणी धरते, म्हणून मिरगाआधी बंद करून ठेवायचा असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा.